मागच्या हौसिंगचा आवाज : क्राऊन-पिनियन बदलण्यापूर्वी काय तपासावे?

कापडाच्या धंद्यात माल विणणे, रंगविणे आणि विकणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो ठरल्या वेळी ठरल्या पेढीवर पोहोचविणेही महत्त्वाचे असते. म्हणूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील अनेक व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी स्वतःचा टेम्पो किंवा छोटा ट्रक घेतला आहे. गाडी घरची असली की तिची लहानसहान दुरुस्तीही घरीच करण्याकडे कल असतो. ड्रायव्हर, क्लीनर आणि लूमवरचा एखादा फिटर मिळून मागचे चाक उतरवितात, ऑईल सील किंवा बेअरिंग बदलतात आणि गॅरेजची मजुरी वाचवितात. यात गैर असे काही नाही.

खरी अडचण पुढे सुरू होते. दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर येताच मागून आवाज येऊ लागतो. कधी बारीक सूर, कधी घरघर, कधी ठोका. मग जो तो आपापला अंदाज सांगतो आणि बहुतेक वेळा सर्वांत महागडा अंदाज खरा मानला जातो : "क्राऊन-पिनियन गेले." मालक नवी जोडी आणतो, किंवा भंगार बाजारातून जुनी हौसिंग उचलतो. ती बसविल्यावरही आवाज तसाच राहिला, तर पैसे गेले, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि ऐन लग्नसराईत गिऱ्हाईकाचा मालही अडकला, असे तिहेरी नुकसान होते. उलट काही मालक आवाजाकडे काणाडोळा करतात आणि भरलेली गाडी घाटात जाम होते. त्यात केवळ पैशाचा नव्हे, तर ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न असतो.

ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. त्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळविली पाहिजेत. पहिला प्रश्न, दुरुस्तीच्या वेळी कशाकशाला हात लागला? दुसरा प्रश्न, आवाज नेमका केव्हा येतो आणि केव्हा थांबतो? या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हौसिंगच्या आत काय चालते?

गिअरबॉक्सकडून येणारी ताकद प्रॉपेलर शाफ्टमधून मागे येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन हा छोटा दातेरी गिअर असतो. तो क्राऊन या मोठ्या चक्राला फिरवितो. पिनियनला ७ दाते आणि क्राऊनला ४१ दाते असतील, तर पिनियनच्या जवळजवळ ५.८६ फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी होते. अशा रीतीने वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद वाढते.

क्राऊनच्या मध्ये एका पिंजऱ्यात आणखी काही छोटे गिअर असतात. त्यांना आपल्याकडे स्टार आणि सन गिअर म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी अंतर कापावे लागते. हा फरक सांभाळण्याचे काम हे छोटे गिअर करतात. म्हणूनच या रचनेला डिफरन्शियल हे नाव पडले. सरळ रस्त्यावर हे छोटे गिअर एकमेकांत जवळपास फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते गोल जातात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

पिंजऱ्यातून दोन्ही बाजूंना दोन एक्सल शाफ्ट निघतात आणि चाकाच्या हबपर्यंत जातात. बहुतेक ट्रकमध्ये गाडीचे वजन हबच्या बेअरिंगवर आणि हौसिंगच्या नळीवर असते आणि एक्सल शाफ्ट फक्त फिरविण्याचे काम करतो. त्यामुळे चाक न उतरविताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. अनेक जीपगाड्या आणि छोट्या पिकअपमध्ये मात्र वजनही शाफ्टवरच असते. तेथे शाफ्ट तुटला तर चाकच निखळू शकते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

पहिला प्रश्न : हात कशाला लागला?

जो भाग उघडलाच नाही, तो दुरुस्तीच्या दिवशीच नेमका बिघडावा, असे क्वचित घडते. म्हणून तपास नेहमी उघडलेल्या भागापासून सुरू करावा.

(१) फक्त चाक, हब किंवा एक्सल शाफ्ट उघडला असेल, तर क्राऊन-पिनियनला कोणी हात लावलेला नाही. अशा वेळी हबचे बेअरिंग जास्त आवळले आहे का, की ढिले राहिले आहे, ब्रेकचा लायनर ड्रमला घासतो आहे का, लॉक वॉशरची कड वळविली आहे का, हे पाहावे. एक्सल शाफ्ट ओढताना हौसिंगमधले बरेच तेल त्या बाजूने बाहेर येऊ शकते, विशेषतः गाडी त्या बाजूला कललेली असेल तर. पुष्कळदा ते पुन्हा भरलेच जात नाही. तेल कमी पडले की चांगले गिअरही गाऊ लागतात.

(२) पिनियनचे ऑईल सील बदलले असेल, तर पिनियनचे नट सोडावे लागते. या नटाच्या आवळण्यावर पिनियनच्या दोन्ही बेअरिंगचा ताण ठरतो. कित्येक गाड्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये चेपली जाणारी एक नळी असते. नट पूर्वीपेक्षा जास्त आवळले की ती अधिक चेपते, बेअरिंग दाबली जातात, तापतात आणि सूर काढू लागतात. एकदा चेपलेली नळी नट सैल केल्याने मूळ मापावर येत नाही, नवीनच घालावी लागते. उलट नट ढिले राहिले तर पिनियन पुढे-मागे सरकतो आणि दात्यांची बैठक बिघडते.

(३) संपूर्ण डिफरन्शियल बाहेर काढले असेल, तर शंकेची यादी लांबते. बेअरिंगच्या टोप्या डाव्या-उजव्या अदलाबदल झाल्या का? शिम हरवले का? एका जोडीतला क्राऊन आणि दुसऱ्या जोडीतला पिनियन असे मिश्रण झाले का? हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांबरोबर घासून जोडीने तयार केले जातात. त्यांची ताटातूट झाली की शांत चालण्याची आशा सोडावी.

(४) प्रॉपेलर शाफ्ट किंवा पाटे उघडले असतील, तर आवाज हौसिंगचा नसून शाफ्टचा असण्याचा संभव मोठा. सरकणाऱ्या जोडाचे दोन भाग वेगळे करण्यापूर्वी खूण केली नाही आणि तो एखादा दाता सोडून बसविला, तर शाफ्टचे दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते. यू-बोल्ट ढिले असतील किंवा पाट्याखालची पाचर उलटी बसली असेल, तर हौसिंगचा कोन बदलतो. त्यातूनही तशीच थरथर निर्माण होते.

दुसरा प्रश्न : आवाज केव्हा येतो?

ड्रायव्हरला "कसा आवाज येतो?" असे विचारले तर तो तोंडाने आवाज काढून दाखवितो. त्यातून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी "केव्हा येतो?" असे विचारावे. उत्तरे साधारणपणे पाच प्रकारची असतात.

रेस दिल्यावर येतो. गाडी ओढत असताना बारीक, लांब सूर येतो आणि रेस सोडताच तो थांबतो किंवा बदलतो. येथे क्राऊन-पिनियनच्या ओढणाऱ्या बाजूच्या बैठकीकडे आणि पिनियनच्या बेअरिंगकडे बोट जाते.

रेस सोडल्यावर येतो. गाडी गिअरमध्ये असून इंजिन तिला रोखत असताना आवाज वाढतो. अशा वेळी दात्यांच्या उलट बाजूवर दाब असतो. पिनियनचे नट सैल असणे किंवा बेअरिंगचा ताण गेलेला असणे हे याचे नेहमीचे कारण होय.

सतत येतो. रेस दिली काय, सोडली काय, न्यूट्रल केले काय, घरघर तशीच राहते आणि फक्त वेगाप्रमाणे कमी-जास्त होते. हे बहुधा हबचे बेअरिंग किंवा टायर असते. क्राऊन-पिनियनवर पैसे घालण्याचे येथे काहीच कारण नाही.

फक्त वळणावर येतो. वर सांगितल्याप्रमाणे स्टार आणि सन गिअर वळणावरच एकमेकांत फिरतात. म्हणून सरळ रस्त्यावर शांत असलेली गाडी वळताना कुरकुरली, तर त्या गिअरकडे आणि त्यांच्या पातळ वॉशरकडे पाहावे. मात्र वळणावर वजन एका बाजूला जाते, त्यामुळे हबच्या बेअरिंगचाही आवाज वाढतो. दोन्ही तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये.

धक्क्याने येतो. क्लच सोडताना किंवा रेस देताच एकदाच "ठक्" होते. याची कारणे अनेक आहेत : शाफ्टचा झिजलेला क्रॉस, ढिले फ्लँज बोल्ट, ढिले यू-बोल्ट, क्राऊन-पिनियनमधला जास्त प्ले. यांपैकी पहिली तीन कारणे पान्याने आणि हाताने काही मिनिटांत तपासता येतात. तेथूनच सुरुवात करावी.

आवाज मोजता येतो

आपल्या लूमच्या फिटरला ही गोष्ट नवी नाही. साध्या पॉवरलूमवर वरच्या क्रँक शाफ्टच्या दोन फेऱ्यांना खालचा टॅपेट शाफ्ट एक फेरी घेतो. ठोका प्रत्येक पिकाला पडतो की एकाआड एक पिकाला, यावरून फिटर दोष वरच्या शाफ्टवर आहे की खालच्या, हे सांगतो. गाडीच्या बाबतीतही हाच हिशोब लागू पडतो.

समजा, टायरची एक फेरी म्हणजे अडीच मीटर अंतर आणि क्राऊन-पिनियन ४१ व ७ दात्यांचे आहे. ताशी १० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला साधारण एक फेरी घेते. या वेगाने सेकंदाला एक ठोका पडत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे : टायर, ड्रम, हब किंवा क्राऊनचा तुटलेला दाता. जोड टायरांच्या मध्ये अडकलेला दगडही असाच ठोका देतो, तो आधी पाहावा. सेकंदाला सहा-सात ठोके पडत असतील, तर दोष पिनियन किंवा प्रॉपेलर शाफ्टचा.

ताशी ४० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे ४.४ फेऱ्या, पिनियन सुमारे २६ फेऱ्या घेतो आणि क्राऊनचे सुमारे १८२ दाते पिनियनला भेटतात. इतक्या भेटींचा वेगळा ठोका ऐकू येत नाही, त्याचा अखंड सूर होतो. म्हणून लांब सूर म्हणजे दाते, थरथर म्हणजे शाफ्ट आणि मोजता येणारा ठोका म्हणजे चाक किंवा क्राऊन, हा ढोबळ नियम धरावयास हरकत नाही. बेअरिंगची घरघर मात्र या मोजणीत नीट बसत नाही. ती वर सांगितलेल्या वेळेवरून ओळखावी. हल्ली प्रत्येकाजवळ मोबाईल असतो. क्लीनरने मागे बसून आवाज रेकॉर्ड करावा आणि त्याच वेळी गाडीचा वेग तोंडाने सांगत जावा. नंतर शांतपणे ऐकून ठोके मोजता येतात.

रस्त्यावरची चाचणी

चाचणीपूर्वी चाकाचे नट, शाफ्टचे बोल्ट, यू-बोल्ट आणि तेलाची पातळी पाहून घ्यावी. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यावी आणि पुढील क्रम ठेवावा.

प्रथम एका ठराविक वेगापर्यंत हळूहळू रेस द्यावी. मग तोच वेग कायम ठेवावा. नंतर रेस सोडून गाडी गिअरमध्येच मंद होऊ द्यावी. त्यानंतर सपाट रस्त्यावरच न्यूट्रल करून ऐकावे. शेवटी उभ्या गाडीत इंजिन तितक्याच फेऱ्यांवर चालवून पाहावे. उभ्या गाडीतही आवाज आला, तर तो मागचा नव्हेच. तो इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सचा आहे.

डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाजाचा रंग बदलला, तर टायरची शंका घ्यावी. गिअरला रस्ता कोणता आहे ते कळत नाही, टायरला कळते. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात स्टेअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे करावे. एका दिशेला घरघर वाढत असेल, तर ज्या बाजूवर वजन पडते, त्या बाजूच्या हबचे बेअरिंग तपासावे.

भिवंडी-मालेगाव अशी ये-जा करणाऱ्यांना कसारा घाट हा चांगला परीक्षक आहे. भिवंडीहून जाताना चढावर दात्यांची ओढणारी बाजू बोलते. परतताना उतारावर गाडी गिअरमध्ये असताना उलट बाजू बोलते. ड्रायव्हरने दोन्ही वेळा काय ऐकले, ते लिहून ठेवावे. मात्र उतारावर न्यूट्रलची चाचणी कदापि करू नये आणि आवाजाचे कारण माहीत नसताना भरलेली गाडी मुद्दाम घाटात नेऊ नये.

ही सारी माहिती रोजमेळासारखी रकाने पाडून लिहावी : तारीख, वेग, माल भरलेला की रिकामी, रेस की सोडलेली, सरळ की वळण आणि आवाज. असा एक कागद हातात असला की चांगला मिस्त्रीही आदराने बोलतो आणि अंदाजाने भाग बदलण्याचा आग्रह धरीत नाही.

उष्णता आणि तेल काय सांगतात?

पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि दोन्ही हबची उष्णता ताडून पाहावी. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापला असेल, तर त्या बाजूचे बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक धरतो आहे. पिनियनकडील नाक फार तापले असेल, तर तेल कमी आहे किंवा तेथील बेअरिंग दाबले गेले आहे. थेट हात लावू नये, पोळण्याची भीती असते. कोविडच्या काळात, २०२० साली, दुकानांच्या दारावर जी कपाळाचा ताप मोजणारी यंत्रे आली, ती येथे चालत नाहीत, कारण ती माणसाच्या शरीराच्या उष्णतेपुरतीच मोजतात. कारखान्यात मोटार किंवा बॉयलरची पाईप तपासण्याचे जे दूरमापक असते, ते वापरावे.

त्यानंतर तेल. गाडी सपाट जागी उभी करावी, तेल खाली बसू द्यावे आणि भरण्याचा बोल्ट उघडावा. साधारणपणे तेल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असले पाहिजे. कमी असेल तर भरावे, परंतु आधी जुने तेल पाहावे. थोडे तेल स्वच्छ पांढऱ्या मलमलीतून गाळावे. कापडाच्या व्यापाऱ्याकडे या वस्तूची वाण नाही. राखाडी, बारीक गाळ ही रोजची झीज होय. चमकणाऱ्या पापुद्र्या दिसल्या तर बेअरिंग किंवा दात्यांचा वरचा थर निघत आहे. पिवळट कण हे अनेक गाड्यांत वॉशरच्या झिजेचे असतात. लोखंडाचा तुकडा मिळाला, तर गाडी तेथेच थांबवावी. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास दिसते. हौसिंगवर हवा जाण्यासाठी एक छोटी टोपी असते. ती मातीने बुजली तर आतला दाब सील फोडून तेल ब्रेकवर आणतो. सील पुन्हापुन्हा गळत असेल, तर नवे सील घालण्यापूर्वी ही टोपी साफ करावी.

तेलाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. अनेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसविलेला असतो. या रचनेला हायपॉईड म्हणतात. तिचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर घसरतातही. म्हणून तिला मोठा दाब सोसणारे, जीएल-५ दर्जाचे तेल लागते. "नव्वद नंबर" एवढेच सांगून तेल आणू नये. नव्वद हा आकडा फक्त जाडी सांगतो, दर्जा सांगत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले तेलच घालावे. जाड तेल घालून आवाज दाबणे ही फसवणूक आहे. विकणारा गाडी विकून जातो, झीज घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

गाडी उचलून करावयाची तपासणी

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागची दोन्ही चाके उचलून हौसिंग मजबूत घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवर कोणीही खाली जाऊ नये.

इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, अशा स्थितीत एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले पाहिजे. ते मऊपणे फिरत असेल तर स्टार आणि सन गिअर ठीक आहेत. अडखळत असेल तर तेथे दोष आहे. चाक वर-खाली धरून हलवावे, हबचा ढिलेपणा हाताला कळतो. मग न्यूट्रल करून शाफ्टचा फ्लँज पुढे-मागे फिरवावा आणि प्ले पाहावा. क्रॉस वेगळा धरून हलवावा, म्हणजे प्ले शाफ्टचा की आतला, हे समजते.

इंजिन चालू करून, गिअर टाकून चाके हवेत फिरविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. हवेतल्या चाकांवर भार नसतो, त्यामुळे भाराखाली येणारा आवाज तेथे येतच नाही. शिवाय एक चाक ब्रेकने किंवा अन्य कारणाने अडले, तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते. वेगाचा काटा ३० दाखवीत असताना ते चाक ६० च्या वेगाने फिरत असते. अशा चाकाजवळ माणूस असणे धोक्याचे आहे.

भंगार बाजारातून आणलेली हौसिंग बसविण्यापूर्वी तिचे गुणोत्तरही तपासावे. दोन्ही चाके किंवा शाफ्ट एकत्र एक फेरी फिरवून पिनियनच्या फेऱ्या मोजाव्यात. जुन्या हौसिंगशी हा आकडा जुळला नाही, तर त्याच वेगाला इंजिनच्या फेऱ्या बदलतात आणि त्या बदललेल्या आवाजालाच लोक "हौसिंगचा आवाज" समजतात.

उघडावेच लागले तर

इतके करूनही बोट डिफरन्शियलकडेच जात असेल, तर ते काम डायल गेज असलेल्या आणि ते वापरणाऱ्या कारागिराकडे द्यावे. क्राऊन-पिनियनमधला प्ले मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यात मोजला जातो. तो बोटाच्या अंदाजाने लावता येत नाही. किती ठेवायचा, हे त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे.

काम देताना चार गोष्टी सांगाव्यात. सोडण्यापूर्वी नटाची जागा, टोप्यांची बाजू आणि शाफ्टचा जोड यांवर खुणा कराव्यात. पिनियन फिरविण्यास किती जोर लागतो, ते आधी फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने मोजावे. जोडताना क्राऊनच्या दात्यांना रंग लावून बैठक पाहावी. खूण दात्याच्या मध्याजवळ उमटली पाहिजे, टोकाला, बुडाला किंवा कडेला नव्हे. आणि काढलेले सर्व जुने भाग परत घ्यावेत, म्हणजे नेमके काय झिजले होते ते मालकाला पाहता येते.

जुने झिजलेले गिअर तसेच ठेवून केवळ नवी बेअरिंग बसविली, तर काही वेळा पूर्वी नसलेला सूर सुरू होतो. कारण वर्षानुवर्षे ज्या जागी दाते घासत होते, ती जागा थोडी सरकते. अशा वेळी मिस्त्रीला दोष देण्यापूर्वी रंग लावून बैठक पाहावी. नवी जोडी बसविली असेल, तर सुरुवातीला पंचवीस-तीस किलोमीटर हलकेच चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले ८०० किलोमीटर भारी माल भरू नये आणि त्यानंतर तेल बदलावे.

गाडी केव्हा हलवू नये?

पुढील लक्षणे दिसल्यास माल दुसऱ्या गाडीत भरावा आणि आपली गाडी ओढून न्यावी. तेलात लोखंडाचे तुकडे. प्रत्येक फेरीला नियमित जोरदार ठोका. हबमधून धूर, जळका वास किंवा ग्रीस वाहणे. चाक डुलणे किंवा चाकाचे नट वारंवार सैल होणे. प्रॉपेलर शाफ्टची जोरदार थरथर. ओढून नेतानाही मागची चाके जमिनीवर असतील तर एक्सल शाफ्ट सोडून घ्यावेत, नाहीतर आतले तुटलेले भाग फिरून उरलेलेही मोडतील. एक्सल शाफ्ट सोडल्यास हबचे तोंड कापडाने बंद करावे. वजन शाफ्टवर असणाऱ्या छोट्या गाड्यांचा शाफ्ट मात्र काढू नये, त्यांची मागची चाके उचलूनच न्यावीत.

माल उशिरा पोहोचला तर पेढीवर दोन शब्द ऐकावे लागतात. ते ऐकून घेता येतात. परंतु जो ड्रायव्हर रात्री दोन वाजता आपल्या गाठी घेऊन घाट उतरतो, त्याला सदोष गाडी देण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. ड्रायव्हरने "मागून आवाज येतो" असे सांगितले, तर त्याला दटावून रस्त्याला लावू नये. त्याच्या हाती कागद द्यावा आणि केव्हा येतो ते लिहून आणण्यास सांगावे. तो कागद आल्यावर तेल, टायर, हब, क्रॉस आणि बोल्ट या क्रमाने तपास करावा. क्राऊन-पिनियनची पाळी सर्वांत शेवटी येऊ द्यावी.